आपली की आमची

रविवार चित्रमंडळाचा चित्रपट दोन तासांचा असे आणि त्यावरचं भांडण तीन तासांचं, हे अख्ख्या कोल्हापुराला ठाऊक होतं. सकाळी दहाला खेळ, बाराला चहा, आणि मग अध्यक्ष धैर्यशील इंगवले सर टेबलावर लाकडी पट्टी आपटून म्हणत, "हं, म्हणणं सांगा!" मंडळाचा नियमच होता तसा. प्रत्येकाने चित्रपटाचं राजकीय म्हणणं एका वाक्यात सांगायचं आणि दुसऱ्याने ते खोडून काढायचं. यंदाचं वर्ष विज्ञानपटांचं होतं. पडद्यावर यंत्रमानव आले की इथे कामगारांचा प्रश्न निघे, परग्रहावरचे जीव आले की निर्वासितांचा, आणि जग बुडालं की गावातल्या गटारांचा. लोक घसा बसेपर्यंत भांडत आणि जाताना एकमेकांच्या गाडीवर मागे बसून जात.

सरांची बायको शर्मिष्ठा शेवटच्या रांगेत बसायची आणि सहसा तोंड उघडायची नाही. त्या दिवशी मात्र ती नवी साडी नेसून आली होती. कारण त्या दिवशीचा 'सातवा घुमट' हा कोरियन चित्रपट मराठीत तिने आणला होता. परदेशी चित्रपटांचे मराठी संवाद लिहिणं हाच तिचा गेल्या वीस वर्षांचा उद्योग.

गोष्ट मंगळावरची. तिथे माणसांचे सात घुमट. सहावा तडकतो, त्यातली माणसं बर्फाळ वादळातून चालत सातव्याच्या दारापाशी येतात. आतल्यांना हवा जेमतेम पुरणारी. घुमटाची प्रमुख बाई दाराच्या दांड्यावर हात ठेवते, काचेतून बाहेरच्यांकडे बघते, एक वाक्य बोलते, आणि पडदा पांढरा होतो. दार उघडलं की नाही ते दाखवतच नाहीत. सगळा भार त्या एका वाक्यावर.

"माझं म्हणणं सोपं आहे," वकील हिंदुराव सरनोबत उठून म्हणाले. "दया मोठी की नियम मोठा? चित्रपट म्हणतो, नियम. म्हणून तर ती बाई शेवटी ठणकावून सांगते, 'हवा आमची आहे.' विषय संपला, दार बंद."

"काय ऐकलंत वकीलसाहेब?" ग्रंथपाल पाटणकर बाई हसत म्हणाल्या. "'हवा आपली आहे' म्हणते ती. आपली! बाहेरच्यांनाही धरून. दार उघडतं."

"आमची."

"आपली हो!"

शर्मिष्ठेला आधी गंमत वाटली. हे वाक्य लिहिताना तिने चार दिवस डोकं खाजवलं होतं. कोरियनमध्ये 'आपला' आणि 'आमचा' यांना एकच शब्द. मराठीला ती सोय नाही. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं, समोरचा माणूस आत की बाहेर. शेवटी तिने त्याला आत घेतलं होतं.

पण भांडण वाढतच गेलं. बाकीच्यांनी बाजू घेतल्या, मग आवाज चढवले. तीस वर्षं एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना खोटारडे म्हणू लागली. पाटणकर बाईंनी चहाचा कप आपटला तो फुटला. कुणीतरी हात वर करायला लावले, तर साठातल्या बत्तीस जणांनी 'आमची' ऐकलं होतं. शर्मिष्ठा घाईघाईने उभी राहिली.

"अहो, ओळ मीच लिहिलीय. 'आपली' आहे ती."

सरांनी पट्टी खाली ठेवली. "'आमची' आहे," ते शांतपणे म्हणाले. "मी स्पष्ट ऐकलं. तुला लिहिलेलं आठवत नसेल."

सभागृह हसलं. शर्मिष्ठा मात्र नवऱ्याकडे बघतच राहिली, कारण तो चेष्टा करत नव्हता.

आणि सगळ्यांनाच कळत होतं की हे भांडण मंगळावरचं नाही. श्रावणात नदी गावात शिरली तेव्हा नदीकाठची चौदा कुटुंबं मंडळाच्या सभागृहाखालच्या, उंच जोत्यावरच्या तळमजल्याच्या दालनात राहायला आली होती. त्यांना वर्षभर राहू द्यायचं की काढायचं, याचं मतदान पुढच्या रविवारी होतं. त्या चौदांत शर्मिष्ठेची थोरली बहीण बकुळाअक्का होती, आणि अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेले तिचे यजमान. श्रावणात त्यांना खांद्यावर घेऊन आत आणणारे पहिले इंगवले सरच होते. बाहेर गुडघाभर पाण्यात उभे राहून ते ओरडत होते, "आधी म्हातारी माणसं! दालन आपलंच आहे, शिरा आत!"

चार महिन्यांत त्या माणसाला काय झालं, हे शर्मिष्ठेला कळेना.

सोमवारी दुपारी तिने संवादांची फाइल उघडली आणि घोटाळा तिच्या ध्यानात आला.

तिच्या कामाची रीत अशी. पडद्यावरच्या नटाचे ओठ जिथे मिटतात तिथे मराठीतही ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं, प, फ, ब, भ, म यांपैकी एखादं. नाहीतर बोलणं तोंडावर बसत नाही. म्हणून ती दोन रकाने करायची. पहिल्यात ओळ, दुसऱ्यात पर्याय. 'आपली'त प, 'आमची'त म. त्या बाईचे ओठ एकदाच मिटतात, आणि दोन्ही शब्द नेमके बसतात. पूर्वी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दिग्दर्शक दोन्ही म्हणून घ्यायचा, एकावर गोल करायचा, दुसरं खोडलं जायचं. गेल्या दोन वर्षांत ती खोलीच राहिली नव्हती. आवाज यंत्र काढायचं. काम देणारी कंपनी फक्त म्हणायची, पर्याय जास्त द्या मॅडम. आणि शर्मिष्ठा जुन्या सवयीने द्यायची. दुसऱ्या रकान्यात 'आमची' तशीच होती. ती खोडायची तिला आठवणच राहिली नव्हती, आणि खोडणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

तिने कंपनीच्या निनादला फोन लावला. निनाद तिचं काम गोळा करणारा गोड बोलणारा तरुण.

"मॅडम, तुमचे पर्याय म्हणजे सोनं!" तो म्हणाला. "दोन्ही ओळी ओठांवर फिट बसतात."

"दोन्ही वापरता?"

"म्हणजे काय! ज्याला जी भावते ती."

"आणि भावते ते ठरवतं कोण?"

"मणी ठरवतो ना."

मणी सगळ्यांच्याच कानात होता. हरभऱ्याएवढा, कातडीच्या रंगाचा. एका सभागृहात एकाला मराठी, शेजारच्याला कानडी ऐकू यावं म्हणून तो निघाला, आणि मग चित्रपटगृहांतले कर्णे गेले ते गेलेच. त्याचं शास्त्र तर इंगवले सरांनीच मंडळात फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. कानाच्या पडद्यामागे शरीरातला सगळ्यात लहान स्नायू असतो. नकोसा आवाज आला की तो आकसतो. मणी त्या स्नायूचा ताण मोजतो, नाडी मोजतो, कानाची ऊब मोजतो. कोणता शब्द गोड लागला आणि कोणता टोचला, हे माणसाला कळायच्या आधी मण्याला कळतं.

ते ऐकताना लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढचा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो आता शर्मिष्ठेने विचारला.

"म्हणजे साठ माणसांनी साठ चित्रपट बघितले?"

"साधारण तसंच. गंमत आहे ना?"

"निनाद, अरे, माणसं मारामारीवर आली! कुणाच्या राजकारणासाठी चाललंय हे?"

"छे, छे, मॅडम, राजकारण नाही हो," तो खरोखर दुखावला गेला. "मण्याला एकच काम दिलंय. माणसाने तो कानातून काढू नये. टोचणारं ऐकू आलं की लोक काढतात. म्हणून तो टोचू देत नाही, बस्स."

शर्मिष्ठेने फोन दुसऱ्या हातात घेतला. "आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं. ते दिवसभर घालतात. घरी, बाजारात."

"मग त्यांचा तर छानच शिकला असेल! कमी ऐकणाऱ्यांना तो जास्त मदत करतो. निसटलेला शब्द अंदाजाने भरतो, आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात. शंभरातले पंचाण्णव बरोबर असतात."

"आणि उरलेले पाच?"

"त्यांची अजून तक्रार आलेली नाही," निनाद म्हणाला.

तिने फोन ठेवला. सरांच्या मनात 'आमची' मण्याने घातली, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते तितकं खरं नव्हतं. दालन उभं करायला सरांनी उमेदीची वर्षं घातली होती. त्यात आता ओले कपडे वाळत होते, स्टोव्ह पेटत होते, खिडक्यांच्या पडद्यांना पोरांनी हात पुसले होते. सरांना कुठेतरी ते टोचलं असणार. शरमेने त्यांनी ते स्वतःशीही कबूल केलं नसेल. पण त्या इवल्या स्नायूने ते सांगून टाकलं, आणि चार महिने मणी त्या कणभर रागाला रोज खाऊपिऊ घालत होता. तिला आता नवऱ्याची भीती वाटत नव्हती. त्याच्या कानाची वाटत होती.

बुधवारी जेवताना तिने धीर केला.

"अहो, रविवारी काहीही ठरो. अक्का-भाऊजींना आपल्या घरी आणू."

सरांचा घास हातातच राहिला. "आमच्या घरी?" ते म्हणाले. "म्हणजे तुझ्या आणि तुझ्या अक्काच्या? अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. मग मी कोण इथे, भाडेकरू?"

"मी 'आपल्या' म्हणाले!"

"परत तेच बोललीस." त्यांनी घास ताटात टाकला. "महिनाभर ऐकतोय मी. आमचं घर, आमची माणसं, आम्ही ठरवलं. मला वगळून बोलतेस तू, शर्मी. मी काही म्हणालो नाही, पण कान आहेत मला."

महिनाभर! महिनाभर शर्मिष्ठा या माणसाशी मायेने बोलत होती, आणि तिच्याच आवाजात दुसरीच कुणी बाई त्याला घराबाहेर काढत होती. पण हे तर त्याला टोचत होतं, मग मणी का ऐकवत होता? मग तिच्या लक्षात आलं. काही दुःखं माणसाला सोडवत नाहीत. दाताच्या पोकळीत जीभ जावी तसा माणूस त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो, आणि कान आणखी टवकारून ऐकतो.

तिने वही ओढून सगळं लिहून काढलं. निनादचं बोलणं, दोन रकाने, सगळं. सरांनी चष्मा लावून तीन पानं वाचली आणि जुन्या सवयीने दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.

"पुरावा?" ते म्हणाले. "साठातल्या बत्तीस जणांनी जे ऐकलं तेच मी ऐकलं. बत्तीस जणांचे कान खोटे, आणि तुझे खरे कशावरून? तुझ्याही कानात मणी होताच की."

हे खरंच होतं. तिनेही 'आपली' ऐकली होती ती तिला हवी होती म्हणूनच.

"एकदा काढा तो," तिने हाताने खूण केली. "पाया पडते."

सरांनी काढला. ती खुर्ची जवळ ओढून त्यांच्या कानाशी जिवाच्या आकांताने बोलली. सरांचे डोळे तिच्या तोंडावर भिरभिरले. मग त्या डोळ्यांत अशी भीती उतरली की तिने बोलणं थांबवलं. गेलं वर्षभर त्यांचा कान आणखी खाली गेला होता आणि मण्याने ते त्यांना कळू दिलं नव्हतं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते ताटाभोवती चाचपडू लागले, वाटी लवंडली, आमटी मांडीवर सांडली तरी त्यांना भान नव्हतं. मणी सापडला तेव्हा त्यांनी तो घाईघाईने कानात बसवला.

"पुन्हा नको सांगूस असलं काही," ते म्हणाले. "पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं मला."

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. खाली अक्काने भाऊजींना आंघोळ घालून स्वच्छ सदरा घातला होता, जणू मतदार त्यांनाच बघायला येणार होते. मत द्यायचा हक्क सभासदांनाच असल्यामुळे खालची माणसं मंचामागच्या दाराशी उभी होती. त्यांच्यापैकी कुणाकडे मणी उरला नव्हता. पुराने नेलेल्या वस्तूंत तेही होते.

शर्मिष्ठेने संवादांच्या त्या पानाच्या साठ प्रती आणल्या होत्या. तिला वाटलं होतं, कागद तरी बदलणार नाही. कागद बदललाही नाही. सरनोबतांनी दुसऱ्या रकान्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "बघा, 'आमची' लिहिलंय." पाटणकर बाईंनी पहिल्याखाली मारली. ज्याने त्याने आपापली ओळ धरली आणि दुसरीला छपाईची चूक म्हटलं.

मग ती मंचावर गेली. ध्वनिक्षेपकातला आवाज कर्ण्यांतून नव्हे, थेट लोकांच्या कानांत जात होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "दोन्ही ओळी मीच लिहिल्या आणि एक खोडायची विसरले. तुम्ही कुणीच खोटं बोलत नाही. तुमचा मणी तुम्हाला तुमचंच मन ऐकवतोय. मतदानाआधी फक्त पाच मिनिटं, हात जोडते, सगळ्यांनी मणी काढा."

साठ हात कानांकडे गेले. तिला हायसं वाटलं. आणि मग तिने पाहिलं की प्रत्येक बोट मणी आत दाबत होतं. नीट, घट्ट, काळजीपूर्वक. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सभासदाने तर शेजाऱ्याचा सैल झालेला मणी प्रेमाने दाबून दिला.

"काढा!" ती ओरडली. "दाबू नका! काढा!"

लोक माना डोलावत आणखी दाबत होते. तिने स्वतःच्या कानातला मणी उपटला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात टाकला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. सरनोबतही आणि पाटणकर बाईही. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाटणकर बाईंनी येऊन तिला मिठी मारली. "दार उघडं ठेवा म्हणालात, जिंकलंत!"

त्यांच्या मागोमाग सरनोबतांनी हात जोडले. "सख्ख्या बहिणीविरुद्ध नियमाच्या बाजूने बोलायचं म्हणजे काळीज लागतं, वहिनी."

शर्मिष्ठा मागे वळली. दाराशी अक्का उभी होती. मण्याशिवायच्या कानांनी तिने मंचावरचा उघडा आवाज ऐकला होता.

"बरोबर बोललीस की गं तू," अक्का घाबऱ्या आवाजात म्हणाली. "मग ही माणसं टाळ्या कशाला वाजवाल्यात?"

मतदान झालं. चौतीस विरुद्ध सव्वीस. गुरुवारपर्यंत दालन रिकामं करायचं ठरलं. हरलेल्यांना वाटलं शर्मिष्ठाबाईंनी जिवापाड प्रयत्न केला, जिंकलेल्यांना वाटलं तिच्यामुळेच जमलं. अक्का खाली गेली आणि भांडी एका पोत्यात भरू लागली. भांड्यांचा आवाज जिन्यात ऐकू येत होता.

इंगवले सर सभागृहाला कुलूप लावून बाहेर आले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. त्या स्पर्शात खरी माया होती, आणि तेच तिला सहन होईना.

"शर्मी, आज मंचावर सगळ्यांसमोर बोललीस, फार बरं वाटलं बघ," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तुटलो आपण. अक्का-भाऊजींना गावाबाहेरच्या छावणीत मी स्वतः पोचवून येतो, काही कमी पडू देत नाही. घरी मात्र आपण दोघंच. चालेल ना तुला? एकदा तुझ्या तोंडून सांग."

ते मान कलती करून वाट बघू लागले. शर्मिष्ठेने त्यांच्या कानाकडे पाहिलं. आपला एकेक शब्द त्या दारातून आत जाऊन काय होतो हे आता तिला ठाऊक होतं. आता एक अक्षरही द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. ओठ घट्ट मिटून, श्वाससुद्धा रोखून ती उभी राहिली. खाली भाऊजी कुणाला तरी हाक मारत होते.

सरांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बस्स," ते म्हणाले, "एवढंच ऐकायचं होतं मला." आणि तिला सांभाळून धरत ते पायऱ्या उतरू लागले.